नावं पळव पुढं

मित्राच्या आईला आम्ही सगळे अम्मा म्हणतो. सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या पलीकडच्या एका बोळात त्यांचं घर. डोळ्यांची ऑपरेशनं झाल्यापासून विड्या वळणं बंद झालंय, पण हात अजून ऐकत नाहीत. बोलता बोलता अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर फिरत राहतात, जणू पानात तंबाखू दाबून बसवायचीय. परवा त्यांच्याकडे गेलो तर मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवलेला. ‘बरं आलास बाळा, कृष्णाचा सिनेमा लावून दे, घोड्याचा.’ कृष्णा म्हणजे तेलुगू सिनेमातला हिरो, आणि घोड्याचा म्हणजे १९७१ चा ‘मोसगाल्लकु मोसगाडु’, ठकाला महाठक भेटतो तो. लावला. ढोल-गिटार सुरू झाले, पडद्यावर तेलुगू अक्षरं यायला लागली आणि अम्मा म्हणाल्या, ‘नावं पळव पुढं.’ मी बोट ओढलं. अक्षरं भरभर पळाली. मित्र तेलुगू शाळेत शिकलेला, त्यानं पळता पळता एक नाव वाचलं, के. एस. आर. दास, डायरेक्टर. मी अम्मांना विचारलं, हे दास कोण हो? ‘कोन दास? कृष्णाचा सिनेमा हाय ह्यो.’ आणि पुढचा सिनेमा त्यांनी सिनेमाच्या आधीच सांगून टाकला. कोण कुठं लपलाय, गोळी कुठून येणार, खजिन्याचं काय होणार, सगळं. गोळी सुटायच्या आत त्यांच्या तोंडून ‘ढिश्श’ बाहेर पडत होतं.

घरी आलो तरी ते पळालेलं नाव डोक्यातून जाईना. ज्या माणसाची प्रत्येक चाल या बाईला पाठ आहे, त्याचं नाव तिला माहीत नाही, आणि माहीत नसल्याचं तिला काही वाटतही नाही. दिग्दर्शकाचं नाव बघून तिकीट काढणारे आम्ही, पुस्तकं वाचून सिनेमा बघायला शिकलेले. आम्हाला याचं दुःख होतं. तिला होत नाही. यातलं बरोबर काय, हे मला अजूनही नीट सांगता येणार नाही.

मग त्या दासांच्या मागे लागलो. नेल्लोरकडचे. आधी संकलनाच्या टेबलावर फिल्म कापायला-जोडायला शिकले आणि १९६६ साली ‘लोगुट्टु पेरुमाळ्ळकेरुका’ हा पहिला सिनेमा केला, शोभन बाबूला घेऊन. त्यानंतर जो धडाका लावला तो तीसेक वर्षं थांबला नाही. तेलुगूत, कन्नडमध्ये, अधूनमधून हिंदीत असे शंभराच्या आसपास सिनेमे. दरोडे, तस्करी, सूड, हरवलेले भाऊ, चोरांवर मोर. नुसती नावं वाचली तरी पिस्तुलाचा वास येतो. २०१२ च्या जूनमध्ये चेन्नईत ते गेले. तेव्हा आमच्या गावात, जिथं त्यांचे सिनेमे बघून दोन पिढ्यांनी खुर्च्या मोडल्या, तिथं मला तरी कुणाच्या तोंडून ती बातमी ऐकू आली नाही. कृष्णा गेला तेव्हा, २०२२ च्या नोव्हेंबरात, पूर्व भागातल्या कितीतरी मोबाइलवर त्याचाच फोटो होता.

संकलनाच्या टेबलावरून आलेला माणूस आहे, हे त्यांचा सिनेमा बघताना लगेच कळतं. कुठलंच दृश्य नको तितका वेळ थांबत नाही. डोळे, बूट, पिस्तूल, पुन्हा डोळे, आणि कॅमेरा असा अंगावर धावून येतो की माणूस मागं सरकतो. संवाद असतात, पण संवाद चुकले तरी काही बिघडत नाही. पूर्व भागात हा सिनेमा इतका का मुरला, याचं एक कारण मला त्यातच दिसतं. ज्यानं यंत्रमागाच्या शेडमध्ये एक पाळी काढलीय त्याला मी काय म्हणतोय ते पटेल. पत्र्याखाली माग सुरू असतात तेव्हा शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानात ओरडावं लागतं, नाहीतर हातवारे करावे लागतात. धोट्याची ती खडखड पाळी संपली तरी कानात चालू राहते. वर्षानुवर्षं तिथं उभी राहिलेली माणसं घरीही मोठ्यानं बोलतात. बाहेरच्याला वाटतं भांडण चाललंय, आत भाजीत मीठ कमी पडल्याची चर्चा असते. मित्राचे वडील तसेच होते. त्यांना पुढं पुढं निम्मं ऐकूच यायचं नाही. पण मारामारीचा सिनेमा त्यांना पूर्ण दिसायचा. सामाजिक, रडका सिनेमा लागला की ते बाहेर येऊन विडी ओढत बसायचे. आत बाया रडतायत एवढंच कळतं, का रडतायत ते कळत नाही, म्हणायचे. दासांच्या सिनेमात का मारतोय हे पहिल्या रिळात एकदा कळलं की काम झालं.

शिवाय भाषेचा प्रश्न होताच. सिनेमातली तेलुगू तिकडची, आंध्राच्या डेल्ट्यातली गोडगोड. इथली पद्मशाली, म्हणजे विणकर समाजाची माणसं तेलंगणातून आलेली, आणि इथं चार पिढ्या काढल्यावर त्यांच्या तेलुगूत मराठी, कन्नड, दखनी सगळं कालवलेलं. ‘सिनेमातलं तेलुगू लई पुस्तकी, आमचं न्हवं ते,’ असं अम्मा आजही म्हणतात. म्हणजे स्वतःच्याच भाषेतला सिनेमा त्यांना थोडा परका होता. मग आमच्यासारखी मराठी पोरं काय फार मागं नव्हती. आम्ही शेजारच्याच्या खांद्यावर हात मारून विचारायचो, काय म्हणला बे? तो म्हणायचा, काय नाही, आता हाणणार आहे. तेवढं भाषांतर पुरायचं.

आता त्या घोड्याच्या सिनेमाबद्दल. त्याची जात सगळ्यांना ठाऊक आहे. इटलीच्या सर्जिओ लिओनेनं अमेरिकी काउबॉय स्पेनच्या माळावर उभा केला, तोच काउबॉय कृष्णानं स्वतःचे पैसे घालून पद्मालया या आपल्या चित्रसंस्थेतर्फे तेलुगूत आणला आणि बिकानेरकडच्या वाळूत नेऊन घोड्यावर बसवला. दिग्दर्शन दासांचं, लेखन आरुद्रांचं, कॅमेरा व्ही. एस. आर. स्वामींचा. नक्कल आहे का? आहे की. टोपी तीच, खांद्यावरचं कापड तेच, शिट्टीसुद्धा तिथलीच. पण आरुद्रा हे पेशानं कवी आणि अभ्यासू माणूस. त्यांनी खजिना अमेरिकेतला घेतला नाही. कंपनी सरकार कर्नूलकडच्या संस्थानावर चालून येतं तेव्हा दडवलेला खजिना घेतला. म्हणजे टोपी परदेशी, पण टोपीखालचं डोकं रायलसीमेचं. ‘आपल्याकडे काउबॉय कुठून आला’ असं हसणाऱ्यांनी एप्रिलच्या दुपारी अक्कलकोट रोडला उभं राहून बघावं. पाऱ्यानं बेचाळीस ओलांडलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही, वावटळीत कागद आणि सुताचा कापूस गोल फिरतोय, पानटपरीवरचा माणूस डोळे बारीक करून आपल्याकडे बघतोय. या गावातल्या माणसाला तो सिनेमा परदेशी वाटण्याचं कारणच नव्हतं. उन्हातून येऊन अंधारात बसायचं आणि पडद्यावर पुन्हा ऊनच बघायचं. त्यातही गंमत होती. पडद्यावरच्या उन्हाला पैसे पडतात, बाहेरचं फुकट.

आणि घामाचा वास. तो सिनेमात येत नाही, पण टॉकीजमध्ये येतो.

तरी अम्मांचा खरा जीव घोड्याच्या सिनेमात नाही, हे मला उशिरा कळलं. तो आहे ‘रौडी राणी’त. १९७० चा सिनेमा, दासांचाच. कृष्णाच्या घोड्याच्या आधी एक वर्ष. लहान पोरीच्या डोळ्यांदेखत आईबापाला मारतात, ती मोठी होते, पँट घालते, आणि एकेकाला गाठून हिशोब चुकता करते. विजयललिता त्या राणीच्या भूमिकेत. आजच्या वाचकाला नाव लागणार नाही; पुढं ‘कर्तव्यम्’मध्ये पोलिसाच्या वर्दीत गाजलेल्या विजयशांतीची ती मावशी, एवढं सांगितलं की पुरे. तोवर ही बाई सिनेमात क्लबात नाचायला असायची. दासांनी तिला नाच सोडून हाणायला लावलं, आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. दोन वर्षांनी ‘रानी मेरा नाम’ म्हणून त्यांनीच ते हिंदीतही केलं.

अम्मांचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. सासर एका खोलीचं, बाहेर ओसरी, ओसरीवर सासू, नणंदा, शेजारणी सगळ्या मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या. पान भिजवायचं, कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. हिशोब हजारावर. संध्याकाळी टोपली घेऊन ब्रँचला, म्हणजे विडी कारखान्याच्या माल घ्यायच्या जागी जायचं, तिथं बसलेला माणूस मूठभर विड्या उचलून बघणार, ही वाकडी, ही पोकळ म्हणून छाट काढणार, आणि काढलेली छाट परत देणार नाही. या बायकांच्या आयुष्यात खलनायक शोधायला दूर जायला नको होतं. तो रोज सहा वाजता टेबलामागं बसलेला असायचा. अशाच एका संध्याकाळी, ब्रँचहून परत येताना, कुणीतरी म्हणालं सहाचा खेळ सुरू व्हायचाय. टोपल्या काखेत मारून त्या सगळ्या थेट आत. घरी सांगितलं की आज गर्दी होती. अम्मा सांगतात, राणीनं पहिल्याला हाणला तेव्हा शेजारणीनं रिकामी टोपली पडद्याकडं फेकली. पुढच्या बाकावरच्या माणसाच्या डोक्याला लागली. तो उठून वळला, आणि चार बाया एकदम उभ्या राहिलेल्या बघून परत खाली बसला. ‘त्या दिवशी आमी बी रौडी,’ अम्मा म्हणतात आणि तोंडाला पदर लावून हसतात.

हे ऐकून मी फार खूश झालो आणि लगेच ‘रौडी राणी’ शोधून बघायला बसलो. बघितल्यावर माझी खुशी थोडी ओसरली, हेही सांगितलं पाहिजे. कॅमेरा राणीच्या ठोशाकडं जितक्या आवडीनं बघतो तितक्याच आवडीनं तिच्या घट्ट पँटकडंही बघतो. मध्येच गाणं येतं, त्याचा सुडाशी काही संबंध नाही. ते पहिल्या तीन रांगांतल्या पुरुषांसाठी आहे, हे उघड आहे. या सिनेमांना आज कुणी ‘स्त्रीमुक्तीचे पहिले पाऊल’ वगैरे म्हणायला लागलं तर मी त्याच्याशी भांडेन. दासांनी काही मुक्त-बिक्त करायला तो सिनेमा केला नव्हता. वितरकाला काहीतरी वेगळं हवं होतं, बाई मारामारी करते हे वेगळं होतं, चाललं, म्हणून पुन्हा केलं. पण टोपली फेकली गेली तीही खोटी नाही. सिनेमावाल्याचा हेतू एक, आणि सहाच्या खेळाला बसलेल्या बाईनं त्यातून घेतलं ते दुसरंच. अम्मांना ते गाणं आठवतच नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘गानं लागलं की आमी मुतायला जायचो.’

शंभर सिनेमे. हा आकडा मला सतावत होता. शंभर सिनेमे करणाऱ्या माणसाला आपण कलावंत म्हणायला कचरतो आणि चार सिनेमे करणाऱ्यापुढं हात जोडतो. पण हे गाव ज्या कामावर उभं राहिलं, ते मोजूनच होतं. मागवाल्याला जितकं कापड निघेल तितकी मजुरी. आज डिझाइन सुचलं नाही म्हणून माग बंद ठेवला असं तो कधी म्हणत नाही. दासांचं चित्रपट करणं मला तसं दिसतं. एक चादर उतरली की दुसरा ताणा चढवायचा, रंग बदलायचा, काठ बदलायचा, वीण तीच. ‘सहोदरर सवाल’ १९७७ साली कन्नडमध्ये केला, विष्णुवर्धन आणि रजनीकांतला घेऊन. दुसऱ्या वर्षी तोच ‘अन्नदम्मुल सवाल’ म्हणून तेलुगूत, विष्णुवर्धनच्या जागी कृष्णा, रजनीकांत आहे तिथंच. हिंदीत ‘डॉन’ चालला की वर्षभरात एन. टी. रामारावांना घेऊन ‘युगंधर’. चिरंजीवीचा ‘खैदी’ तेलुगूत दुसऱ्या दिग्दर्शकानं गाजवला, तर तो कन्नडमध्ये विष्णुवर्धनसाठी दासांनी केला. १९८२ मध्ये ‘बिल्ला रंगा’, चिरंजीवी आणि मोहन बाबू. मधल्या काळातले काही तर इतके घाईचे आहेत की एका खोलीतल्या मारामारीत टेबल आधी मोडतं आणि खलनायक त्यावर नंतर पडतो. ते बघू नका. खरंच बघू नका. वेळ जातो.

पण कन्नड-तेलुगू जोडीची मजा सोलापुरातच कळते. इथं एका बोळात तेलुगू, पुढच्या बोळात कन्नड, चौकात मराठी आणि भांडण दखनीत. गेंट्याल चौकाकडे एका हॉटेलात सकाळी जुनी माणसं बसतात. तिथं मी मुद्दाम हा विषय काढला. एकानं कन्नड बघितलेला, दुसऱ्यानं तेलुगू, आणि दोघांना वाटत होतं की समोरच्यानं आपल्या सिनेमाची नक्कल बघितलीय. विष्णुवर्धन मोठा की कृष्णा मोठा, यावर चहा दोनदा झाला. तिसरा मराठी गडी शांतपणे ऐकत होता, शेवटी म्हणाला, ‘दोन्हीकडं रजनीच हाय नव्हं? म्हणजे गायकवाड. म्हणजे आपलाच. विषय संपला.’ तिघंही खूश. मी सांगितलं की दोन्ही सिनेमे एकाच माणसानं केलेत, तो ना गायकवाड ना कृष्णाच्या आडनावाचा घट्टमनेनी. क्षणभर शांतता. मग पहिला म्हणाला, ‘असंल. केलंच असंल कुणीतरी. सिनेमा काय आपोआप होतो का?’ आणि शेंगाचटणी मागवली.

मला वाटलं होतं की तिथं काहीतरी उजेड पडेल. पडला नाही.

२०२३ च्या ३१ मेला, कृष्णाच्या वाढदिवशी, घोड्याचा सिनेमा नवीन प्रिंट करून पुन्हा लावला. मित्राचा मुलगा हैदराबादला नोकरीला आहे, तो गेला होता. फोनवर सांगत होता की पोरं पडद्यासमोर नाचत होती, कागदाचे तुकडे उडत होते, आज्याच्या वयाची माणसं शिट्ट्या मारत होती. मी विचारलं, दिग्दर्शकाचं नाव आलं तेव्हा? म्हणाला, ‘काका, पार्किंगला जागा मिळेना. आत गेलो तेव्हा घोडा धावायला लागला होता.’ त्या पोराला काय बोलणार. प्रिंट मात्र लखलखीत होती म्हणाला. वाळू अशी दिसत होती की दातात आल्यासारखी वाटली. त्यानं बापाला आणि आजीला व्हिडिओ पाठवला. अम्मांनी तो बघून एवढंच विचारलं की आता तिकीट कितीला आहे, आणि आकडा ऐकून पुढं काही विचारलं नाही.

दासांच्या कारकिर्दीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट त्यांच्या नावावर जमा झालेल्या सिनेमांत नाही. १९७४ चा ‘अल्लूरी सीताराम राजू’, कृष्णाचा शंभरावा, तेलुगूतला पहिला सिनेमास्कोप, आजही ज्याच्या नावानं जुनी माणसं हात जोडतात तो. दिग्दर्शक व्ही. रामचंद्र राव. पण चित्रीकरण अर्ध्यावर असताना ते वारले. उरलेला सिनेमा कृष्णानं पूर्ण केला आणि लढायांची, मारामारीची दृश्यं घ्यायला बोलावलं दासांना. ते गेले, घोडे धाववले, बंदुका उडवल्या, इंग्रजांना लोळवलं आणि परत आपल्या पुढच्या सिनेमाकडं वळले. दिग्दर्शक म्हणून नाव रामचंद्र रावांचंच राहिलं, आणि तेच योग्य. मेलेल्या माणसाचं अर्धं राहिलेलं काम हातावेगळं करून द्यायचं आणि त्याबद्दल फार बोलायचं नाही, ही रीत मला पूर्व भागात नेहमी दिसते. कुणी आजारी पडलं की शेजारीण त्याच्या वाटच्या विड्या वळून ब्रँचला नेऊन देते, पुस्तकावर नाव आजाऱ्याचंच.

हे सगळं मी गेल्या रविवारी अम्मांना सांगितलं. मोठ्या उत्साहानं. म्हटलं, अम्मा, तो अल्लूरीतला शेवटचा धुमाकूळ, ज्याच्याबद्दल तुम्ही नेहमी सांगता, तो कृष्णानं नाही घेतला, या दासांनीच घेतला. ज्यानं राणीला हाणायला लावलं तोच हा माणूस. अम्मांनी सगळं ऐकून घेतलं. बोटं आपली फिरत होती. मित्रही कान देऊन ऐकत होता. मग त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की पोराला शाळेत घातलं पण उपयोग झाला नाही.

‘खुळा हायस का रे,’ त्या म्हणाल्या. ‘घोड्यावर कृष्णा होता. मी ह्या डोळ्यांनी बघितलंय की.’